गोळी, पुरळ आणि जिवाचा भाव

३० नोव्हेंबर २०२३ रोजी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने औषधांसंबंधी एक सूचना काढली. मेफेनॅमिक अॅसिड हे वेदनाशामक घेणाऱ्यांपैकी काहींना 'ड्रेस' नावाची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावे, असा तिचा आशय होता. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे आणि पाठोपाठ यकृत, मूत्रपिंड अशा आतल्या अवयवांना इजा, असे या 'ड्रेस'चे स्वरूप असते. औषध सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांत ती उद्भवते. दोन दिवस वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, वाहिन्यांवर 'सावधान'चे मथळे झळकले आणि तिसऱ्या दिवशी सगळे शांत झाले.

हे मेफेनॅमिक अॅसिड घेते कोण? मेफ्टाल आदी नावांनी ते मेडिकलच्या दुकानात मिळते. पाळीच्या दुखण्यावर, अंगदुखीवर, तापावर ते दिले जाते. पाळीचे पोट दुखते म्हणून धुण्याभांड्याच्या कामाला, वीटभट्टीवर, उसाच्या फडात सुट्टी मिळत नाही. खाडा केला की मजुरी कापली जाते. म्हणून आमची माता-भगिनी दुकानातून दोन सुट्या गोळ्या घेते आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून कामावर जाते. गोळी सुटी असते, तिला पाकीट नसते, पाकीट नसल्याने नाव नसते, आणि बिल तर मागितलेलेच नसते. महिन्याभराने तिच्या अंगावर पुरळ उठले तर कोणत्या गोळीमुळे उठले, हे ती सांगणार कशी? गाझियाबादची सूचना तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही, आणि तिची तक्रारही गाझियाबादला पोहोचणार नाही. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म इथेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अशा लिखाणाने लोक घाबरून औषधेच सोडतील अशी भीती आम्हालाही वाटते. औषधाने पुरळ उठणे ही काही जगबुडी नव्हे. पेनिसिलीनच्या जातीची औषधे, सल्फा, वेदनाशामके यांनी अनेकांना खाज सुटते, बारीक पुरळ येते आणि औषध बंद केल्यावर ते जाते. जिवावर बेतणारी प्रतिक्रिया अगदी विरळ. 'स्टिव्हन्स-जॉन्सन' हे तिचे नाव १९२२ साली त्या रोगाचे वर्णन करणाऱ्या दोन अमेरिकन डॉक्टरांवरून पडले. दहा लाख लोकांमागे वर्षाला अशा मोजक्याच केसेस होतात. पण ज्याला होते त्याचे काय होते, ते ऐका. भाजल्यासारखी कातडी सुटते. तोंड, डोळे, लघवीची जागा यांची आतली त्वचा सोलवटते. शरीराच्या एक दशांशापेक्षा कमी कातडी गेली तरी शंभरातले पाच-दहा दगावतात, आणि तीस टक्क्यांच्या वर कातडी गेली तर तिघातला एक जातो. जे वाचतात त्यांच्यातल्या काहींची नजर कायमची अधू होते.

ही प्रतिक्रिया बहुधा नवे औषध सुरू केल्यापासून चार दिवस ते चार आठवडे या काळात येते. फिटवरचे कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक अॅसिडवरचे अॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, ज्यात को-ट्रायमोक्सॅझोल येते, काही वेदनाशामके, एचआयव्हीवरचे नेव्हिरापिन, ही त्यातली ठळक नावे. यांतली बहुतेक औषधे स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात आणि लाखो लोकांचे प्राण वाचवतात. त्यांना वाईट म्हणण्याचे काहीच कारण नाही.

सुरुवात कशी होते, तेही सांगतो. आधी ताप, घसा दुखणे, डोळ्यांची आग. लोकांना वाटते, सर्दी-पडसे झाले. मग तोंडात फोड येतात. मग अंगावर डाग येतात, ते दुखतात, त्यावर फोड उठतात, आणि बोटाने घासले तरी कातडी सरकते. इथे एक बारकावा आहे आणि तो आमच्या लोकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. डॉक्टरी पुस्तकांत पुरळाचे वर्णन 'लाल' असे येते आणि शेजारी छापलेले चित्र असते गोऱ्या कातडीचे. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या, काळ्या अंगावर तेच पुरळ लाल दिसत नाही. ते जांभळट, तपकिरी, कधी नुसते काळपट दिसते आणि कधी दिसतच नाही, फक्त हाताला लागते. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मलोन मुकवेन्डे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकांसह २०२० साली काळ्या-सावळ्या त्वचेवर रोगाची लक्षणे कशी दिसतात याची चित्रमय पुस्तिकाच काढली. लंडनमधल्या विद्यार्थ्याला हे सुचते, आणि ज्या देशात बहुसंख्य माणसे सावळी आहेत त्या देशातल्या किती दवाखान्यांच्या भिंतींवर आपल्या कातडीच्या रंगाचे चित्र लागलेले आहे? वाचकांनी पुढच्या खेपेला दवाखान्यात गेल्यावर जरा पाहून यावे.

आता दुसरा अडथळा. अंगावर फोड उठले की आमच्याकडे आजही पहिला शब्द निघतो, 'देवी आल्या'! देवीचा रोग भारतातून १९७५ सालीच गेला. तो घालवला लसीने; कोणत्या नवसाने किंवा बळीने नव्हे. तरी फोड दिसले की कडुलिंबाचा पाला, अंगारा, देवऋषी. औषध चालू असताना फोड आले तर म्हणतात, 'कोप झाला, गोळ्या बंद करू नका, उतारा काढा.' या प्रतिक्रियेत ज्या औषधाने घात केला ते जितक्या लवकर थांबेल तितकी जगण्याची शक्यता जास्त. देवऋषीच्या दारात गेलेले तीन दिवस म्हणजे त्याच विषारी ठरलेल्या गोळीचे आणखी तीन दिवस! बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याला १४ ऑक्टोबर १९५६ पासून कितीतरी वर्षे लोटली. दीक्षा घेतलेल्या घरांतही फोड आले की जुने दैवत मागच्या दाराने आत येते, हे कडू वाटले तरी आम्ही लिहिणार. मात्र सगळा दोष लोकांच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांतले आम्ही नाही. दवाखाना पंधरा किलोमीटरवर, डॉक्टर जागेवर नाही आणि देवऋषी शेजारच्या गल्लीत! मग माणूस कुठे जाईल?

कुष्ठरोग्यांचे तर आणखीनच वेगळे. त्यांना मोफत मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटात डॅप्सोन असते. औषध उत्तम आहे. त्याने आणि त्याच्या जोडीच्या औषधांनी कुष्ठरोग बरा होतो. पण शंभरात एखाद्या-दोघांना पहिल्या काही आठवड्यांत डॅप्सोनची तीव्र प्रतिक्रिया येते. ताप, पुरळ, कावीळ अशी ती लक्षणे, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही. आता विचार करा, ज्याचा आजारच कातडीचा, ज्याला कातडीपायी गावाने वाळीत टाकलेले, त्याच्या अंगावर नवे पुरळ आले तर घरचे काय म्हणतील? 'रोग वाढला.' तोही लपवील. अस्पृश्यतेचा अनुभव ज्यांच्या पिढ्यांनी घेतला त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रस्थापित डॉक्टरमंडळी म्हणतील, 'अहो, पण हे सारे विरळ आहे.' खरे आहे. पण विरळ म्हणजे किती, हे कोणाची मोजदाद केली यावर ठरते. इतिहासातलेच उदाहरण घ्या. क्षयरोगावर थायोअॅसिटॅझोन नावाचे अत्यंत स्वस्त औषध होते. आपल्याकडच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात आयसोनियाझिड आणि थायोअॅसिटॅझोन ही जोडी वर्षभर घेण्याची पद्धत होती, कारण सरकारला ती परवडत असे. पुरळ हा तिचा माहीत असलेला, पण क्वचित येणारा दुष्परिणाम मानला जाई. मग एचआयव्ही आला. १९९१ साली केनियातल्या डॉक्टरांनी आपल्या क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एचआयव्ही नसलेल्यांत ही प्रतिक्रिया शंभरात एकाला, आणि एचआयव्ही असलेल्यांत शंभरात वीस जणांना! काहींची कातडी सोलून ते मेले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही असणाऱ्यांना हे औषध देऊ नका असे बजावले. म्हणजे काल जे 'विरळ' होते ते एका गटात पाचातल्या एकाला होत होते. हे कळले कशामुळे? कोणीतरी नैरोबीत बसून गरीब रुग्णांच्या पुरळाची नोंद केली, म्हणून कळले. नोंद झाली नसती तर ते मृत्यू क्षयाच्याच खात्यावर गेले असते.

आपल्या देशात अशी नोंद ठेवण्याचा कार्यक्रम आहे. २००४ साली एक सुरू झाला तो काही वर्षांतच थंडावला. जुलै २०१० मध्ये पुन्हा नव्याने आला आणि २०११ पासून त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच्या शाखा आहेत. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांनी फॉर्म भरायचा. इतकेच नव्हे तर रुग्ण स्वतःही भरू शकतो. त्यासाठी हिंदीसह अनेक भारतीय भाषांत फॉर्म आहे आणि १८००-१८०-३०२४ हा फुकटचा दूरध्वनी आहे. कागदावर सगळे आहे! आता वाचकहो, तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात असा फॉर्म कोणी भरल्याचे कधी ऐकले आहे काय? कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जो पोहोचतो त्याची नोंद होण्याची शक्यता. जो वस्तीतच, पाड्यावरच, तांड्यावरच दगावतो त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'ताप' लिहिले जाते. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपासून आकड्यांची भाषा वापरली. किती लोक आहेत, त्यांना किती वाटा मिळतो, हे त्यांनी मांडले. जो मोजला जात नाही त्याला वाटा मिळत नाही, हे आम्हाला जातनिहाय जनगणनेच्या लढ्यात कळले आहे. औषधाच्या दुष्परिणामातही तोच न्याय लागू पडतो.

काही देशांनी यापुढचे पाऊल टाकले. तैवानच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले की कार्बामॅझेपिनने कातडी सोलवटलेल्या त्यांच्या सर्वच्या सर्व ४४ रुग्णांत 'एचएलए-बी १५०२' हा एक जनुक होता. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्यापूर्वी ही चाचणी करा, असे सुचवले. भारतातल्या रुग्णांवरचा एक लहानसा अभ्यास २००९ साली आला. त्यात आठांपैकी सहांत हा जनुक आढळला. आठ म्हणजे फार थोडे, त्यावरून साऱ्या देशाचे अनुमान काढता येणार नाही. तैवानने आपल्या सरकारी आरोग्य विम्यात ही चाचणी बसवली. आपल्याकडे अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयासाठी सूचना आहे, पण चंद्रपूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फिटची गोळी घेणाऱ्या पोरासाठी चाचणी नाही. (जनुक म्हटले की आमच्याकडच्या काहींना लगेच जात रक्तात असल्याचा पुरावा सापडतो. त्यांना सांगतो, हा जनुक आग्नेय आशियात जास्त आणि युरोपात नगण्य आढळतो. तो कोणाच्या पंगतीला कोण बसले ते पाहत नाही.)

आता जिवाच्या भावाकडे येऊ. १९९८ साली अमेरिकेहून कोलकात्याला माहेरी-सासरी आलेल्या अनुराधा साहा या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अंगावर पुरळ उठले. कोलकात्यात त्यांना दीर्घकाळ परिणाम टिकणारे स्टेरॉइड दिवसातून दोनदा ८० मिलिग्रॅम या मात्रेत देण्यात आले. कातडी सोलवटत गेली. विमानाने त्यांना मुंबईला हलवले आणि २८ मे १९९८ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. त्यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर. त्यांनी पंधरा वर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचारातील हलगर्जी मान्य केली आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये भरपाई व त्यावर व्याज देण्याचा निकाल दिला. देशातल्या वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत तोवर एवढी रक्कम कोणाला मिळाली नव्हती. साहा यांच्या चिकाटीला आमचा सलाम आहे. त्यांच्या लढ्यामुळे औषधाच्या पुरळाने माणूस मरतो आणि त्याचा जाब विचारता येतो, हे देशाला कळले.

पण ही रक्कम ठरली कशी? मृत व्यक्तीचे शिक्षण काय, अमेरिकेत तिने पुढे किती कमावले असते, या हिशेबाने. कायद्याची रीतच तशी आहे, अपघाताच्या भरपाईतही तीच. मग आमचा सवाल असा की, त्याच रोगाने, तसल्याच चुकीने एखादी ऊसतोड कामगार बाई गेली तर? तिची मजुरी गुणिले वर्षे. आणि मजुरीची पावती नसेल तर तेही नाही! त्याच सर्वोच्च न्यायालयासमोर १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचे प्रकरण आले होते. गाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख यांना एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भंग ठरवला. निकाल थोर आहे; तो आमच्या कार्यकर्त्यांनी पाठच करावा. भरपाई मिळाली २५ हजार रुपये. शेख जगले होते, प्रकरण निराळे, काळ निराळा, हे सारे मान्य. तरीही संविधान 'एक व्यक्ती, एक मूल्य' म्हणते आणि भरपाईचे गणित मात्र पगाराची चिठ्ठी मागते, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवून दिलेल्या विसंगतीचीच सख्खी बहीण आहे.

ग्राहक न्यायालयाचा दरवाजा तरी उघडा आहे का? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात आणली, पण जिथे सर्वांनाच उपचार फुकट मिळतात ती रुग्णालये त्याबाहेर ठेवली. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. हा निर्णय चांगला आहे, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ज्याने पैसे मोजले तो ग्राहक आणि ज्याला फुकट मिळाले तो नुसता लाभार्थी, अशी उतरंड यात तयार होते. लाभार्थ्याने तक्रार करायची नसते, हात जोडायचे असतात! उरतो तो दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. वकिलाची फी कोण भरणार?

आणि कोणाचीच चूक नसेल तर? बहुतेक वेळा तसेच असते. डॉक्टरने योग्य औषध, योग्य मात्रेत दिले, तरी एखाद्याच्या शरीराने घात केला. तेव्हा आपल्या कायद्यात काहीच नाही. नव्या औषधाच्या चाचणीत माणूस दगावला तर २०१३ पासून भरपाईचे नियम आहेत. तेच औषध बाजारात आल्यावर दगावला तर नाहीत. जपानने १९८० पासून आणि तैवानने २००० साली कायदा करून औषध कंपन्यांच्या वर्गणीतून निधी उभारला. औषध नीट घेऊनही ज्याला गंभीर इजा झाली त्याला त्यातून मदत मिळते, कोणाचा गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. कंपन्या भरतात, कारण कमावतातही त्याच. भारत जगाला औषधे पुरवतो अशी टिमकी वाजवणाऱ्या सरकारांनी असा निधी काढायला काय हरकत आहे? ही मागणी आमच्या खासदार-आमदारांनी सभागृहात मांडावी आणि भरपाई सर्वांना सारखी असावी, पगारावर नको, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहावे.

तोवर वस्तीत काय करता येईल? विहारात रविवारी लोक जमतात, महिला मंडळे आहेत, आशाताई आहेत, डी.फार्म. झालेली आपली पोरे आहेत. त्यांनी सांगायचे ते एवढेच. गोळी घेताना पाकिटासकट घ्या, बिल मागा. सुटी दिली तर तिचे नाव कागदावर लिहून घ्या. नवी गोळी सुरू केल्याची तारीख केसपेपरवर लिहा. महिना-दोन महिन्यांत ताप येऊन तोंडात फोड आले, डोळे चुरचुरले, अंगावर दुखरे डाग उठले, कातडी सुटू लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून मोठे सरकारी रुग्णालय गाठा. क्षयाच्या आणि फिटच्या गोळ्या नुसत्या खाजेसाठी आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टर त्या बदलून किंवा एकेक करून पुन्हा सुरू करून देऊ शकतात. एकदा ज्या औषधाने घात केला ते आयुष्यात पुन्हा घ्यायचे नाही, म्हणून त्याचे नाव मोठ्या अक्षरात लिहून ते कार्ड आधारकार्डाबरोबर ठेवा. दुसऱ्या डॉक्टरने तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिले तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून कार्डावर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. आणि रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांना विचारा, 'साहेब, गाझियाबादचा फॉर्म भरला का?' नाही म्हणाले तर कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ वर आपणच फोन लावायचा. फोनवर जात विचारत नाहीत, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. विचारतात ते फक्त गोळीचे नाव, आणि काय झाले ते.